सीतादहीच्या वाती

विमलताईला त्या कार्तिकात दिवसाढवळ्या स्वप्नं पडायला लागली. रात्रीची स्वप्नं कोणालाही पडतात, त्यात काय मोठंसं. पण ही बाई ओसरीवर भिंतीला टेकून कापसातली सरकी काढत बसायची, हात चालूच असायचे, आणि डोळ्यांपुढं बिनबोलावता काहीबाही यायचं. कधी मेलेली सासू अंगणात तुरी पाखडताना दिसायची. कधी सगळं अंगणच पांढरं होऊन जायचं आणि त्यावरून नातू रांगत जायचा. नातू म्हणजे अजून पाळण्यातही न घातलेलं लेकरू. पण स्वप्नात तो खुशाल रांगायचा आणि मागं वळून हसायचा. खोटं कशाला बोला, बाईला ते आवडायचं.

डोकं मात्र जड राहायचं. तोंडाला सारखं पाणी सुटायचं, आणि भर दुपारचं ऊनही धुक्यातून गाळून आल्यासारखं वाटायचं. "बाळंतीण घरात आहे, रात्रभर डोळ्याले डोळा नाही, मंग दुसरं काय होईन," असं ती स्वतःलाच सांगायची. आजीपणाच्या गुंगीची चौकशी कोणी करत नाही, तिनंही केली नाही.

तिची एकुलती लेक समीक्षा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, फुलसावंगीला आली होती. दिवाळी सरली आणि मुलगा झाला. बारशाचा दिवस ठरला. पाळणा माळ्यावरून उतरवून धुतला, दोऱ्या बदलल्या. आणि त्या पाळण्यात घालायची गादी विमलताई स्वतःच्या हातानं भरत होती. विकतचा कापूस नाही, सीतादहीचा कापूस.

आता सीतादही म्हणजे काय, तर कापूस वेचायला सुरुवात करायच्या आधी शेतात करतात ती पूजा. एका चांगल्या झाडाखाली सात खडे धुऊन मांडायचे, हळदी-कुंकू लावायचं, दहीभाताचा निवद दाखवायचा, थोडा दहीभात रानात शिंपडायचा आणि मग पहिला कापूस वेचायचा. त्या पहिल्या कापसाच्या देवाच्या वाती करायच्या आणि घरात लेकरू जन्मणार असेल तर त्याची गादीही त्याच कापसाची भरायची, ही विमलताईच्या सासूची रीत. समीक्षाची गादी अशीच भरली होती. म्हणून नातवाचीही तशीच भरणार, यात बाईनं कोणाचं ऐकलं नसतं.

पण साल होतं बोंडअळीचं. बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी, कापूस पिवळा नि गाठाळलेला. साऱ्या शिवारात देवाला द्यायच्या लायकीचं झाड सापडेना. विमलताई पदर खोचून ओळीमागून ओळ फिरली, आणि शेवटी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कोपऱ्यात, पाण्याच्या ड्रमाजवळ, तिला पाच-सहा झाडं दिसली. हिरवीगार, डोक्याएवढी उंच, आणि बोंडं फुटलेली अशी पांढरीशुभ्र की हात लावताना तिनं आधी हात पुसले. देवानं आपल्या नातवासाठी राखून ठेवलंय, असंच तिच्या मनात आलं. तिथंच तिनं सात खडे मांडले.

मांजरी ओकायला लागल्या त्या यानंतर.

विमलताईकडं दोन मांजरी होत्या. करड्या रंगाची भुरी आणि तिचा भाऊ गबरू, जो नावाप्रमाणेच आडदांड आणि अक्कलेनं बेताचा. ही भावंडं जन्मली शेजारच्या सत्यशीलाच्या घरी. जिथं कुणब्यांची घरं संपतात आणि बौद्धांची सुरू होतात तिथंच या दोघींची अंगणं लागून होती, मधे कमरेएवढी भिंत. सत्यशीलानं एक पिल्लू ठेवून घेतलं, मैना नावाचं, आणि दोन भिंतीवरून विमलताईच्या ओटीत टाकली. "घे ताई, तुह्या घरी उंदरं लय झालेत," एवढंच म्हणाली होती. पंचवीस वर्षांत या भिंतीवरून काय काय गेलं होतं: मीठ, विरजण, अंबाडीची भाजी, एकमेकींची रडणी. बाजाराच्या दिवशी सत्यशीला मच्छी आणायची आणि मुंडकी भिंतीवरून भुरी-गबरूला टाकायची. विमलताईच्या घरी मच्छी शिजत नसे, पण मांजरांना कसलं आलं सोवळं, म्हणून ती तिकडं पाठ करून उभी राहायची.

तर भुरी ओकली, आधी तुळशीपाशी, मग चुलीमागं. पांढरा फेस, तोंडातून लाळ, पाय लटपटलेले. दोन दिवस गेले की बरी व्हायची, परत ओकायची. मग गबरूही ओकायला लागला. जनावरांचा डॉक्टर गल्लीत कोणाच्या गाईला पाहायला आला होता, त्याला विमलताईनं हात धरून आणलं. त्यानं भुरीच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "पोटात काही वाईट गेलंय. खाण्यात नवीन काय आलं, ते शोधा."

नवीन तर काहीच नव्हतं. तेच दूध, तीच भाकर.

"नवीन कायले पाह्यजे?" बापूजी म्हणाले. हे विमलताईचे यजमान, शेतात राबणारे, मनानं वाईट नाहीत पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. "तिची मैना पाह्य कशी ठणठणीत आहे. एकाच मायची तीन पिल्लं. आपलेच दोन काहून ओकतात? मच्छीत काही तरी कालवून टाकत असन."

"काही तरी बोलू नका," विमलताई म्हणाली.

पण बोलणं एकदा कानात शिरलं की ते आतच घर करतं. घरात बाळंतीण, उंबऱ्याच्या आत ओकणारी मांजर. नळावरच्या बायका म्हणायला लागल्या, हे लक्षण बरं नाही, लेकराला जपा. विमलताईला रात्री नातवाच्या छातीवर कान ठेवून श्वास ऐकल्याशिवाय झोप येईना. त्या भीतीनं तिची मती फिरली. दुसरं कारण नाही, आणि हे काही कारण म्हणून पुरेसंही नाही.

एका सकाळी नळावर, सगळ्या बायकांच्या देखत, ती सत्यशीलाला म्हणाली, "आजपासून माह्या मांजरींले काही टाकत नको जाऊ."

सत्यशीलानं पितळेचा गुंड भरून घेतला, डोक्यावर ठेवला, मग तिच्याकडं पाहिलं. "बरं, विमलताई," ती म्हणाली. "नाही टाकणार तुमच्या मांजरींले."

पंचवीस वर्षं जी 'तू' म्हणत होती, ती 'तुमच्या' म्हणाली. विमलताईनं ते बरोबर ऐकलं. पण बोललेला शब्द, तो काय गिळता येतो?

त्या दिवसापासून भिंत नुसती भिंत झाली. अलीकडं विमलताई सरकी काढत बसायची, पलीकडं सत्यशीला गोवऱ्या थापायची, आणि मधे कार्तिकातलं पिवळं ऊन पडून राहायचं. कापसाचे बारीक तंतू हवेत तरंगायचे. विमलताईच्या पापण्या जड व्हायच्या, आणि त्या तंतूंमधून सासू यायची, काही तरी सांगायला तोंड उघडायची, तेवढ्यात समीक्षा हाक मारायची.

मच्छी बंद झाली. मांजरी ओकायच्या थांबल्या नाहीत.

"बारसं झालं की दोघांले पोत्यात भरून पैनगंगेच्या पल्ल्याड सोडतो," बापूजींनी जाहीर केलं. नातवासाठी दोन मांजरी गेल्या तर गेल्या, असं विमलताई मनाला समजावत होती, आणि मन काही समजत नव्हतं.

त्यातल्या त्यात एकच गोष्ट तिला धीर देत होती. देवापुढं लावलेल्या निरांजनातली फुलवात रोज पूर्ण जायची. म्हणजे खालचं फूल उरायलाच नको, तुपाचा टिपूसही नको, निरांजन चाटून-पुसून लख्ख. समीक्षाला ती म्हणायची, "पाह्य, देव सगळं घेऊन राह्यला. काही काळजी नाही."

बारशाच्या आदल्या दिवशी गादी शिवून झाली. लाल फुलांचं कापड, चारही बाजूंनी टाके घातलेले, हाताला अशी मऊ की विमलताईनं गाल टेकवून पाहिला. गादी अंगणात बाजेवर उन्हात टाकली, देवापुढं निरांजन लावलं, आणि ती ओसरीवर येऊन भिंतीला टेकली. कधी डोळा लागला, तिला कळलं नाही.

स्वप्नात ती शेतात होती. ड्रमाजवळची झाडं वाढून आभाळाला लागली होती, आणि प्रत्येक बोंडात एक दिवा जळत होता. सासू झाडाखाली बसून एकेक दिवा विझवत होती. "मामी, देवाचे दिवे कायले विझवता?" विमलताईनं सासूला विचारलं. सासू म्हणाली, "देव कुठं आहे व यात," आणि एक वात तोंडात धरून चार पायांनी चालत निघाली.

विमलताईनं डोळे उघडले. सासू गेली, वात राहिली. देवघरातून भुरी येत होती, अगदी सावकाश, पाहुण्यासारखी, आणि तिच्या तोंडात विझलेली फुलवात होती. विमलताईला वाटलं, अजून स्वप्नच आहे. भुरी तुळशीपाशी बसली, डोळे मिटले आणि तुपानं भिजलेली वात चावून चावून गिळली. मग जिभेनं मिशा पुसल्या.

विमलताई उठून देवघरात गेली. निरांजन लख्ख होतं.

आधी तिला हसू आलं. इतके दिवस देव घेतो म्हणून मिरवत होती, आणि घेत होतं कोण, तर भुरी, आणि तिच्या मागं गबरूही असणार. पदर तोंडाला लावून ती खुदुखुदु हसली. मग हसता हसता थांबली. मागच्या वर्षीही निरांजन असंच रिकामं व्हायचं, त्याच्या मागच्याही वर्षी. म्हणजे ही चोरी जुनी. मग तेव्हा नाही ओकली ती?

बाहेर भुरीच्या घशातून तो ओळखीचा आवाज आला. विमलताई जाऊन पाहते तर फेसात वातीचा चावलेला कापूस पडलेला.

तिनं डबीतून एक कोरी आणि एक तुपातली, अशा दोन वाती घेतल्या आणि भिंतीपाशी आली. सत्यशीलाकडं जायचं तर अंगण ओलांडून, फाटक उघडून जावं लागत होतं. नळावरच्या त्या सकाळनंतर ती पहिल्यांदा त्या दारात उभी राहिली.

सत्यशीला तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, पण ये म्हणाली नाही. मागं भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्यापुढं अर्धी जळलेली मेणबत्ती. मैना त्याखालीच पसरून झोपली होती, पोट वर करून.

"भुरी वाती खाते," विमलताई म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही. "तुही मैना खात नाही?"

"आमच्याकडं वाती कुठून आल्या, विमलताई? आमच्याकडं मेणबत्ती. ती कोणतं मांजर खाईन?"

विमलताई उंबऱ्यावर बसली. "तूप तर आमचंच आहे. समीक्षा भाकरीवर खाते. तुपानं काही होत असतं तं तिले झालं असतं." तिनं मूठ उघडली. "मंग वातीतच काही आहे काय? मले काही समजून नाही राह्यलं. माहं डोकं तं पार धुकं झालं आहे."

सत्यशीलानं कोरी वात उचलली. नाकाशी नेली आणि एकदम दूर धरली. "ह्याले वास येऊन राह्यला ना," ती म्हणाली.

"मले तं नाही येत."

"तुमी दिवसभर त्यातच बसता, तुमाले कुठून येईन? औषधाचा वास आहे हा. फवारणीचा. कोणत्या झाडाचा कापूस आणला?"

"धुऱ्यावरच्या," विमलताई म्हणाली, "ड्रमाजवळच्या."

म्हणाली, आणि आपलंच बोलणं तिनं ऐकलं. ड्रमाजवळ बापूजी पंप भरायचे. तिथंच औषध कालवायचे. पंप पाठीवर घेतला की पहिली पिचकारी त्याच झाडांवर मारून पाहायचे, तोंड तुंबलंय की नाही ते बघायला. सांजेला तिथंच पंप धुवायचा, उरलंसुरलं तिथंच ओतायचं. सगळ्या शिवारात अळी, आणि त्या पाच-सहा झाडांवर नाही. कशी असेल? अळी त्या झाडांवर जगलीच नसती. त्या साली जिल्ह्यात फवारणीनं माणसं दवाखान्यात चालली होती, रोज ऐकत होतो आपण, आणि ही बाई त्याच कापसाला हात पुसून शिवत होती, देवानं राखून ठेवला म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मच्छीची मुंडकी शोधत बसली.

"सत्यशीला," ती उठत म्हणाली. "गादी."

दोघी धावल्या. फाटकातून नाही, भिंतीवरूनच. विमलताईचं लुगडं अडकून फाटलं, तिकडं कोणी पाहिलं नाही. अंगणातल्या बाजेवर गादी नव्हती.

"समीक्षा! लेकरू कुठं आहे?"

समीक्षा आतून आली ती तणतणतच. "हळू ना आई, आताच झोपलं. आणि तुह्या त्या गबरूले आवर. इतकी चांगली गादी, त्यावर जाऊन ओकला मेला. मी लेकराले घेऊन टाकायलेच आलती त्यावर. आता धुवाले टाकली मोरीत. बाबा तं इतके चिडले, आताच भरून राह्यले दोघांले पोत्यात."

विमलताई खोलीत गेली. लेकरू जमिनीवर झोपलं होतं, मुठी आवळून, एका गोधडीवर. ती गोधडी सत्यशीलानं शिवली होती, स्वतःच्या जुन्या सुती लुगड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. समीक्षाच्या सातव्या महिन्यात आणून दिली होती. विमलताईनं तोंडभरून कौतुक केलं होतं आणि मग पेटीत तळाशी घातली होती, नवीन गादी असताना जुनं कायले म्हणून. नुसतं जुनं म्हणूनही नाही. ते दुसरं कारण विमलताईला तेव्हाही माहीत होतं आणि आताही होतं. समीक्षानं पेटी उपसून ती गोधडी काढली होती. दारात सत्यशीला उभी होती आणि तिनंही गोधडीकडं पाहिलं.

विमलताईनं लेकराच्या छातीवर कान ठेवला. श्वास चालला होता, एकसारखा. मग ती तिथंच बसून रडली, मोठ्यानं.

बाहेर बापूजी पोत्याचं तोंड बांधत होते. आत गबरू गुरगुरत होता. विमलताई पदरानं डोळे पुसत आली आणि पोत्यावर हात ठेवून म्हणाली, "सोडा आधी त्याले. त्यानं आपलं लेकरू वाचवलं."

तिनं सगळं सांगितलं. बापूजी ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. ते खाली बसले. स्वतःचे तळहात उलटेपालटे करून पाहत राहिले. "म्या तठीच धुतो पंप," ते म्हणाले. "रोज. तू तठून कापूस घेशीन, हे डोक्यातच नाही आलं माह्या. आणि म्या त्या बाईले नाव ठेवलं." त्यांनी पोतं उघडलं. गबरू उडी मारून पळाला, मागून भुरी बाहेर आली, अंग झटकलं आणि काहीच झालं नाही अशी तुळशीपाशी जाऊन बसली.

संध्याकाळच्या आत गादी, वातींची डबी आणि उरलेला सगळा कापूस वस्तीपासून लांब खोल खड्ड्यात पुरला. विमलताईनं हात कोपरापर्यंत घासून धुतले. त्या रात्री तिला एकही स्वप्न पडलं नाही. सासूची जरा आठवण आली, पण ते ठीकच होतं.

दुसऱ्या दिवशी बारसं. नळावरच्याच सगळ्या बायका अंगणात जमल्या होत्या. पाळण्यात सत्यशीलाची गोधडी अंथरली होती, आणि पाळण्यापुढं मेणबत्ती जळत होती. एका म्हातारीनं विचारलंच, "काहून व, निरांजन कुठं गेलं?" विमलताई सरळ भिंतीपाशी गेली. पलीकडं सत्यशीला अंगण झाडत होती, जणू आज काही विशेष नाहीच.

"सत्यशीला," विमलताई म्हणाली, मागच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात. "नळावर मी सगळ्यांसमोर बोलली, तं आता सगळ्यांसमोरच सांगते. तुह्या मच्छीनं नाही, माह्या हातच्या वातींनी मांजरी ओकत होत्या. मी खोटी पडली. तुह्यावर आळ घेतला त्याची मले लाज वाटते. पाळण्यापाशी मले एक बाई कमी आहे. येशीन?"

सत्यशीलानं खराटा भिंतीला टेकवला, पण लगेच आली नाही. आत गेली. दार लोटल्याचा आवाज आला आणि विमलताईला वाटलं, संपलं. मग ती बाहेर आली, लुगडं बदलून, केस नीट करून, हातात आणखी एक मेणबत्ती घेऊन.

पाळण्याच्या एका बाजूला विमलताई, दुसऱ्या बाजूला सत्यशीला. लेकराला पाळण्याच्या खालून या हातातून त्या हातात द्यायचं आणि वरून परत घ्यायचं, अशी रीत. बायका गाणं म्हणायला लागल्या. विमलताई वाकली, लेकरू खालून पुढं केलं, पण तिचे हात सुटता सुटेनात. पलीकडून दोन हात लेकराखाली आले.

"सोड ताई," सत्यशीला म्हणाली. "धरलं म्या."